दोन हजार एकशे सेहेचाळीस ड्रॉइंग्ज आणि एक डबा

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. निवृत्तीला अठ्ठावीस दिवस उरले. चौतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाच्या शेवटच्या दिवसांची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. ऑफिसात दोन ओळी धड लिहिता येणारा माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून हेही काम माझ्याच गळ्यात.
संकल्प: रोज अर्धा तास चालणं. चहात साखर बंद. मूर्खांशी शांतपणे बोलणं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.३०
चालायला गेलो नाही. बूट चावतो. साखर उद्यापासून, कारण बायकोनं चहा आधीच केला होता. मूर्खांशी शांत राहिलो, मात्र आज त्यांच्यापैकी दोघे रजेवर होते.

५ मार्च, बुधवार
ट्रेनीनं मीटिंग घेतली. ट्रेनी म्हणजे आमची सेक्शन हेड. बारा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकायला आली, तेव्हा हिला व्हर्निअर कॅलिपर कुठल्या बाजूनं धरायचा तेही माहीत नव्हतं. आता केबिन आहे, केबिनमध्ये कुंडी आहे. माझ्या लेखी ती ट्रेनीच.
तर मीटिंग. म्हणाली, सर, तुमची सगळी जुनी ड्रॉइंग्ज एकतीस तारखेच्या आत सर्व्हरवर टाका. एक तारखेला तुमचा कॉम्प्युटर पुसून नवीन माणसाला द्यायचा आहे. पुसून म्हणजे फडक्यानं नाही, आतून. आत काही शिल्लक राहणार नाही.
मी म्हटलं, बरं.
सर्व्हर म्हणजे काय, तर वरच्या मजल्यावर बंद खोलीत एक कपाट आहे आणि ते घुर्रर्र करतं. त्या कपाटात माझं आयुष्य टाकायचं आणि मग कुणीही सोम्यागोम्यानं ते उघडून बघायचं. वा रे वा.

६ मार्च, गुरुवार. सकाळी
रात्रभर छान झोप लागली आणि उठल्याबरोबर योजना तयार. माझी योजना अशीच होते. इतरांना कमिट्या बसवाव्या लागतात.
सर्व्हरवर काही टाकायचं नाही. सगळी ड्रॉइंग्ज आपल्या ताब्यातल्या डिस्कवर घ्यायची आणि घरी आणायची. तिकडे विचारलं तर सांगायचं, टाकली. जुन्या गिऱ्हाइकांचे पंप वर्षाला चार-पाच तरी मोडतातच. पंप मोडला की ड्रॉइंग लागणार. ड्रॉइंग लागलं की शोधाशोध. सापडलं नाही की माझा फोन. मग मी काय ते बोलेन.
अटी: सल्लागार हे पद. आठवड्याला तीन दिवस. खिडकीशेजारचं टेबल. ट्रेनीनं केबिनच्या बाहेर येऊन बोलायचं.
याला कुणी चोरी म्हणेल. चोरी परक्याच्या वस्तूची होते. ती ड्रॉइंग्ज मी काढलीत.

८ मार्च, शनिवार. दुपारी
मुलगी आणि जावई जेवायला आले होते. जावई शाळेत भूगोल शिकवतो, पण मत सगळ्यावर देतो. मी सहज विचारलं, जास्तीची डिस्क कुठे मिळेल. म्हणाला, बाबा, माळ्यावर तुमचा जुना कॉम्प्युटर पडलाय ना, त्याची हार्ड डिस्क काढा, एन्क्लोजरमध्ये बसवा, वायर लावा, झालं.
एन्क्लोजर म्हणजे डबा. आत जुनी डिस्क ठेवायची, डब्याला वायर असते, ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की जुनी डिस्क चालते. एवढं सांगायला त्यानं वीस मिनिटं घेतली आणि मध्ये तीनदा भाजी वाढून घेतली.
हे मला आधीपासून माहीत होतं. शब्द तेवढा आठवत नव्हता.

९ मार्च, रविवार. दुपारी ४
डिस्क काढली. चार स्क्रू होते, पैकी एक अजून कॉम्प्युटरच्या आत कुठेतरी आहे आणि एक सोफ्याखाली. हाताला पत्रा लागला. बायकोनं हळद दाबली आणि म्हणाली, अहो, एवढं करण्यापेक्षा दुकानात नेऊन दिलं असतं तर त्यानं पाच मिनिटांत काढलं असतं.
चौतीस वर्षं यंत्रांच्या पोटात बघणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. स्क्रू शोधायला सोफ्याखाली वाकलो. बोट दुखत होतं.

११ मार्च, मंगळवार
ऑफिस सुटल्यावर दुकानात गेलो. दुकानदार काउंटरवर कोपर टेकवून मोबाइलमध्ये बघत होता. नजर वर न करता विचारलं, डिस्क मोठी की छोटी? मी म्हटलं, डिस्क ही डिस्क असते, डबा दे. तो म्हणाला, तसं नाही काका, लॅपटॉपची छोटी, टेबलावरच्या कॉम्प्युटरची मोठी. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, तो काळा दाखव.
काळा घेतला. देखणा आहे. तळहाताएवढा, कडा गोल, बंद होताना टच् असा आवाज. माणसांनी असं काम करावं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.४५
डिस्क आत जात नाही. डिस्क वहीएवढी, डबा पाकिटाएवढा. बायको दारात उभी राहून बघत होती. तिचं असं बघणं मला फार लागतं.
दुकानदारानं मापाबद्दल स्पष्ट सांगायला हवं होतं.

१२ मार्च, बुधवार
डबा बदलून मोठा आणला. दुकानदार हसला नाही, पण हसू दाबलं. असल्या लोकांमुळे धंदे बुडतात.

१४ मार्च, शुक्रवार
मोठ्या डब्यात डिस्क बसते, पण जोड बसत नाही. डब्याच्या आतला जोड बारीक, पट्टीसारखा. डिस्कच्या पाठीला चाळीस पिना, कंगव्यासारख्या. जोर लावला. तीन पिना वाकल्या. चिमट्यानं सरळ केल्या. एक थोडी जास्तच सरळ झाली, म्हणजे दुसऱ्या बाजूला वाकली. तीही आणली जाग्यावर.
या धंद्यात जगात दोन माणसांचं एकमत नाही. आमच्याकडे एकदा भोकाचं माप ठरलं की ठरलं.

१५ मार्च, शनिवार
तिसरा डबा. दुकानदारानं तो मागच्या खोलीतून शोधून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, काका, ही जात बंद झाली, हा शेवटचा. मी म्हटलं, शेवटचा कसा, जपून ठेवलेला. त्यानं डिस्क मागितली आणि स्वतःच बसवून दिली. मी बसवणारच होतो.
याला विजेची वेगळी वायर लागते. लावली की निळा दिवा लागतो आणि आतून बारीक गुणगुण ऐकू येते. संध्याकाळभर टेबलावर ठेवून बघत बसलो. बायको म्हणाली, त्यात काही आहे का बघा तरी आधी. मी म्हटलं, जुना कचरा असेल, पुसून टाकतो. ती म्हणाली, पुसा, माझ्या भावानं आपले सगळे फोटो सहा वर्षांपूर्वीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेत.
मेहुण्याला न विचारता दुसऱ्यांच्या घरात लुडबुड करायची सवय आहे. यातून ते सिद्ध झालं.
घरातल्या कॉम्प्युटरला लावून डिस्क पुसली. पाटी कोरी.

१६ मार्च, रविवार
चालणं नाही. पोटरीत गोळा आला. साखर एक चमचा, म्हणजे आधीपेक्षा अर्धा चमचा कमी, असं मी धरतो.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी, ऑफिसात
डबा पिशवीत, वर टॉवेल, टॉवेलवर जेवणाचा डबा. गेटवरच्या वॉचमननं पिशवी उघडली, जेवणाचा डबा बघितला आणि जाऊ दिलं. ही आमची सुरक्षा.
काम करण्यापूर्वी माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण अशी पद्धत या ऑफिसात दुसऱ्या कुणाची नाही. बाकीचे लोक ड्रॉइंग काढतात आणि देव जाणे कुठे ठेवतात, मग शोधत बसतात. मी गेली चौदा वर्षं, जेव्हापासून कागद गेला आणि कॉम्प्युटर आला तेव्हापासून, एकच करतो. ड्रॉइंग पूर्ण झालं की माउसचं उजवं बटण. यादी येते. त्यात ‘सेंड टू’, मग ‘डेस्कटॉप’. ड्रॉइंग समोरच्या पडद्यावर हजर. तिथून उचलून माझ्या पिवळ्या फोल्डरमध्ये. गिऱ्हाइकाप्रमाणे, नंबराप्रमाणे, ओळीनं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर स्वतःच एक छोटा वाकडा बाण उमटवतो. पूर्ण झालेल्या कामाची ती खूण असावी. ट्रेनीच्या फोल्डरमध्ये एकाही फायलीवर बाण नाही. मला आश्चर्य वाटलं नाही.
तर डबा लावला. पिवळा फोल्डर उचलून डब्यात टाकला. मोजून तेहेतीस सेकंद. दोन हजार एकशे सेहेचाळीस ड्रॉइंग्ज!
गेल्या महिन्यात ट्रेनीनं तिच्या दोनशे फायली सर्व्हरवर टाकल्या तेव्हा पूर्ण दुपार गेली होती आणि कॉम्प्युटरवाल्याला दोनदा खाली यावं लागलं होतं. शिस्त असली की असं होतं.

१९ मार्च, बुधवार
परीक्षा घेतली. मी आंधळा विश्वास ठेवणारा नाही. डबा ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला, डब्यातला फोल्डर उघडला, मध्यातलंच एक ड्रॉइंग निवडलं, नंबर ३१७. कागद गिरणीच्या पंपाचं झाकण. दोनदा टिचकी. उघडलं! रेघ न् रेघ जिथल्या तिथे. मग ८०२ उघडलं, मग १९९०. सगळी उघडली.
घरी उघडून बघता येत नाही, कारण घरी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नाही. गरजही नाही.

२० मार्च, गुरुवार
ट्रेनी टेबलाशी आली. सर, सर्व्हरचं किती झालं? मी म्हटलं, सगळं झालं. ती म्हणाली, सगळं? दोन हजारांच्या वर होती ना? मी म्हटलं, मोजून दोन हजार एकशे सेहेचाळीस. ती म्हणाली, मी बघून घेऊ का एकदा? मी म्हटलं, बघ की, माझ्यावर विश्वास नसेल तर बघ. ती लगेच म्हणाली, नाही सर, तसं नाही, तुम्ही म्हणालात झालं म्हणजे झालं.
गेली. बिनडोक. मी तिच्या जागी असतो तर बघितलं असतं.

२३ मार्च, रविवार
जावई. डबा बघून खूश झाला, जणू त्यानंच बनवला. हातात घेऊन वजन केलं, उगाच कानाला लावला. म्हणाला, बाबा, दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा हं, त्याच कॉम्प्युटरवर बघण्यात अर्थ नसतो. मी विचारलं, का? म्हणाला, तसं मला नक्की नाही सांगता येणार, पण आमच्या शाळेत एकदा घोळ झाला होता.
नक्की सांगता येत नसेल तर माणसानं तोंड उघडू नये. भूगोलाच्या मास्तरानं नद्या बघाव्यात.

२४ मार्च, सोमवार
एक गोष्ट लिहायची राहिली. डब्यात किती जागा गेली ते बघितलं. डिस्क ऐंशी जीबीची. माझ्या सगळ्या ड्रॉइंग्जनी घेतलेली जागा चार एमबी. ट्रेनीचं एकेक ड्रॉइंग सहा एमबीचं असतं!
म्हणजे माझं चौदा वर्षांचं काम हिच्या एका ड्रॉइंगपेक्षा आटोपशीर. एक रेघ फालतू नाही. याला हात म्हणतात. हे मला निरोपाच्या भाषणात सांगायचं आहे, पण कसं सांगावं ते सुचत नाही, कारण मग डब्याचा विषय निघेल.

२८ मार्च, शुक्रवार
कॉम्प्युटरवाला फॉर्म घेऊन आला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, कानात मोबाइलचं एक बोंडूक, ते कधीच काढत नाही. म्हणाला, काका, इथे सही. ‘माझ्या कॉम्प्युटरवरील सर्व आवश्यक माहिती सर्व्हरवर हलवली आहे, कॉम्प्युटर पुसण्यास हरकत नाही.’ म्हणाला, डी ड्राइव्हमध्ये बरंच काही दिसतंय, ते घेतलंय ना? मी म्हटलं, माझं सगळं पिवळ्या फोल्डरमध्ये असतं, डी-बी मला माहीत नाही, तो तुमच्या लोकांचा पसारा असेल. तो म्हणाला, बघा हं, परत येणार नाही. मी म्हटलं, तू पुस रे.
झोकात सही केली. खाली दोन रेघा मारल्या.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७
निरोप समारंभ. मालक आठ मिनिटं बोलले, त्यातली पाच नव्या इमारतीबद्दल. मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला उद्यापासून वेळ बघायची नाही त्याला घड्याळ, यावरून कल्पना यावी.
ट्रेनी बोलली. म्हणाली, सरांनी मला मोजायला शिकवलं. मग रडली. ढोंग असावं. पण डोळे खरंच लाल झाले होते. असो. पुढच्या महिन्यात आणखी लाल होतील.
मी भाषणात एवढंच म्हणालो की, माझी गरज लागली तर संकोच करू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना अर्थ कळला नाही.
घरी येऊन डबा कपाटात, स्वेटरच्या मागे. किल्ली माझ्या खिशात.

२ एप्रिल, बुधवार
फोन नाही. साहजिक आहे. आजचा दुसराच दिवस.

९ एप्रिल, बुधवार
फोन नाही. मोबाइल बंद पडलाय का बघायला बायकोला स्वयंपाकघरातून फोन लावायला सांगितलं. वाजला. बायको म्हणाली, काय काम आहे? मी म्हटलं, काही नाही, ठेव.

१७ एप्रिल, गुरुवार
सल्लागार म्हणून कुठला शर्ट घालायचा ते ठरवलं. निळा. इस्त्री करून ठेवला. चालायला जाणं सुरू होणार होतं, पण मी बाहेर असताना फोन आला आणि ऐकू आला नाही तर?

२६ एप्रिल, शनिवार
बायको म्हणाली, अहो, तुम्ही त्या कपाटाशी दिवसातून किती वेळा जाता? मी म्हटलं, स्वेटर बघतो. म्हणाली, या उकाड्यात?
तिला योजना सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातली भाजी निवडणं न थांबवता. मग म्हणाली, म्हणजे त्यांनी तुम्हाला बोलवावं म्हणून त्यांचं काम अडकवून ठेवलंय? मी म्हटलं, अडकवून नाही, सांभाळून. ती म्हणाली, नुसतं भेटायला गेला असतात तरी त्यांनी चहा दिला असता.
चहा! बायकांना धोरण कळत नाही.

५ मे, सोमवार
फोन नाही. पस्तीस दिवस. या कारखान्याचे पंप एवढे टिकतात याचं श्रेय माझ्या ड्रॉइंग्जना आहे. हे माझ्याच अंगाशी येतंय.

१२ मे, सोमवार. सकाळी १०.५०
आला!!
ट्रेनीचा. कागद गिरणीचा पंप ट्रकमध्ये घालून आणलाय, झाकण तडकून फुटलंय, गिरणी कालपासून बंद आहे, दोनशे माणसं बसून आहेत. म्हणाली, सर, ३१७ सर्व्हरवर कुठल्या फोल्डरमध्ये टाकलंय तेवढं सांगता का? मला सापडत नाही. फोनवरच सांगा, उगाच तुम्हाला त्रास नको.
त्रास नको! मी म्हटलं, असं फोनवर सांगता येत नाही, मी स्वतः येतो. ती म्हणाली, अहो सर, एवढ्या उन्हात कशाला? मी म्हटलं, येतो.
३१७! जे मी स्वतः उघडून बघितलं तेच! देव आहे.
निळा शर्ट. अटींचा कागद वरच्या खिशात. अट पाचवी आता लिहिली: गाडी पाठवायची.

१२ मे, संध्याकाळी ५
आत्ता लिहवत नाही.

१३ मे, मंगळवार. सकाळी
डब्यात दोष असणार. जुना माल. दुकानदारानं धूळ फुंकली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

१३ मे, दुपारी
नाही. जे झालं ते लिहितो. ही वही मी सोडून कुणी वाचत नाही.
गेटवर वॉचमननं पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला लावलं. ‘कोणाला भेटायचं’ या रकान्यात ट्रेनीचं नाव घालावं लागलं. तिच्या केबिनमध्ये मालक, गिरणीचा मॅनेजर आणि कॉम्प्युटरवाला असे तिघे बसले होते. मी डबा टेबलावर ठेवला, वायर लावली, निळा दिवा लागला. मी म्हटलं, सगळं इथे आहे. ट्रेनीनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सर्व्हरवर नाही? एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते नंतर बोलू, आधी काही अटी आहेत. कागद काढायला खिशात हात घातला. मालक म्हणाले, आधी ड्रॉइंग दाखवा.
पिवळा फोल्डर उघडला. ३१७ वर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चित्रातली टॉर्च हलत राहिली. शोधत होती. मग पाटी आली की वस्तू जागेवर नाही, हलवली किंवा पुसली गेली आहे. ८०२. तीच पाटी. १९९०. मी एकामागून एक तीस-चाळीस उघडून बघितली.
कॉम्प्युटरवाल्यानं कानातलं बोंडूक काढलं. पहिल्यांदाच बघितलं मी त्याला तसं. हळू म्हणाला, काका, हा बाण दिसतोय ना कोपऱ्यात? बाण असला की ती फाइल नसते. फाइल कुठे ठेवलीय त्याचा नुसता पत्ता असतो. तुमची ड्रॉइंग्ज डी ड्राइव्हमध्ये होती. तुम्ही पत्ते घेऊन गेलात. म्हणून तेव्हा तुमच्या टेबलावर उघडत होतं, खरी फाइल तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये होती. ती मी एक तारखेला पुसली.
मग म्हणाला, मी विचारलं होतं तुम्हाला.
चौदा वर्षं. मी चार एमबीचा अभिमान बाळगला होता. ते चार एमबी म्हणजे दोन हजार एकशे सेहेचाळीस पत्ते, आणि त्या पत्त्यांवर कुणी राहत नाही. मला वाटलं आता मालक ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला वाद घालता आला असता. ते गिरणीच्या मॅनेजरला म्हणाले, चला, बाहेर बोलू.
मी ट्रेनीला म्हटलं, मुद्दाम नाही केलं. म्हणजे मुद्दामच केलं होतं, पण हे नाही. ती म्हणाली, कळलं सर. आवाज चढवला नाही. मग ड्रॉवरमधून कॅलिपर, मोजपट्टीची टेप आणि कागद काढला आणि उठली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, झाकण खाली वर्कशॉपमध्ये आहे ना, दोनच तुकडे झालेत. मोजते आणि नवीन ड्रॉइंग काढते. चारपर्यंत होईल.
मी म्हटलं, आणि बाकीची दोन हजार?
ती म्हणाली, जो पंप येईल तो मोजू, सर. जो येणारच नाही त्याचं ड्रॉइंग कुणाला हवंय?
तिच्या मागोमाग खाली गेलो. कुणी या म्हटलं नव्हतं, कुणी जा पण म्हटलं नव्हतं. झाकणाचे दोन तुकडे फरशीवर जुळवून ठेवले होते. ती गुडघे टेकून बसली आणि मापं घ्यायला लागली. आधी जाडी, मग भोकं, मग भोकांमधलं अंतर, मी शिकवलेल्या त्याच क्रमानं. एकेक माप दोनदा घेत होती. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, आता विचारेल काहीतरी. तडा गेलेल्या जागी माप कसं धरायचं, ओतकामासाठी किती जास्त सोडायचं. तिनं काही विचारलं नाही. तिला सगळं येत होतं.
बाहेरचा व्यास घ्यायची वेळ आली. झाकण मोठं, टेप एका हातानं पुरेना. तिनं इकडे तिकडे बघितलं. जवळ दुसरं कुणी नव्हतं. म्हणाली, सर, हे टोक धरता का जरा?
मी खाली बसलो आणि टोक धरलं. आकडा तिनंच वाचला, तिनंच लिहिला. मी धरलेलं टोक थोडं सरकलं होतं. ती म्हणाली, सर, हलू देऊ नका. मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं.